मूळचे कुठले? रॉबर्ट प्लांट आणि लेड झेपेलिनचा न मिटणारा वाद

रॉबर्ट प्लांट हा इंग्रज गायक ऑगस्ट २०२५मध्ये ७७ वर्षांचा झाला. ज्या लेड झेपेलिन बँडमुळे जग त्याला ओळखते, त्या बँडमध्ये तो जेमतेम १२ वर्षे होता. बँड संपल्यानंतर त्याने स्वतःच्या नावावर, वेगवेगळ्या साथीदारांबरोबर ४० वर्षांहून जास्त काळ गाणी केली. हिशेब मांडला तर बँडपेक्षा तिप्पट आयुष्य त्याने बँडबाहेर काढले आहे. तरीही त्याची मुलाखत घेणारा प्रत्येक पत्रकार आणि त्याच्या गाण्यावर बोलणारा प्रत्येक चाहता शेवटी एकाच प्रश्नावर येतो. लेड झेपेलिन परत कधी येणार?

या प्रश्नावरून चाहत्यांचे तीन तट पडले आहेत. पहिल्या तटाचे म्हणणे असे की, प्लांटमुळेच बँड परत उभा राहू शकला नाही. जिमी पेज तयार होता, जॉन पॉल जोन्स तयार होता, दिवंगत ड्रमवादकाचा मुलगा तयार होता. एकटा गायक अडून बसला. ज्या शिडीने वर गेला तिलाच त्याने लाथ मारली. दुसरा तट म्हणतो, झेपेलिन म्हणजे चार माणसे. त्यातला एक १९८०मध्ये गेला आणि विषय तिथेच संपला. आता जे होईल ती नक्कल. तिसरा तट संख्येने लहान आहे. त्यांच्या मते प्लांटचे खरे मोठेपण बँड संपल्यानंतर दिसले आणि त्याचे एकट्याचे काम बँडच्या तोडीचे किंवा त्याहून सरस आहे.

मी कोणत्या तटात आहे, ते लेखाच्या ओघात कळेलच. पण हा वाद नुसता गाण्याच्या आवडीनिवडीचा नाही. माणसाचे ‘मूळ’ कोणते आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. त्यामुळे या परक्या वाटणाऱ्या वादात मला माझ्या ओळखीचे काहीतरी सापडले.

चार माणसांचा बँड

प्लांटचा जन्म २० ऑगस्ट १९४८ला इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविच इथे झाला. बर्मिंगहॅमच्या आसपासचा हा कोळसा-लोखंडाचा कारखानदारी पट्टा. वडील इंजिनिअर. मुलाने हिशेबनीस व्हावे अशी घरची इच्छा होती. तो शिक्षण घ्यायला गेला आणि दोन आठवड्यांत सोडून आला. त्याला अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूज संगीताने झपाटले होते. छोट्या-मोठ्या बँडमध्ये गाताना त्याची जॉन बोनहॅम नावाच्या ड्रमवादकाशी गाठ पडली. ‘बँड ऑफ जॉय’ या बँडमध्ये दोघे एकत्र होते.

१९६८मध्ये लंडनचा गिटारवादक जिमी पेज नवा बँड बांधत होता. त्याने आधी टेरी रीड या गायकाला विचारले. रीडने नकार दिला आणि प्लांटचे नाव सुचवले. प्लांटने बोनहॅमला आणले. चौथा जॉन पॉल जोन्स, बेस आणि की-बोर्ड वाजवणारा जाणकार वादक. जानेवारी १९६९मध्ये पहिला अल्बम आला आणि पुढच्या दहा वर्षांत या चौघांनी लोकप्रियतेची शिखरे गाठली. १९७१च्या चौथ्या अल्बममधले ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गाणे तर रॉक संगीताचे जणू राष्ट्रगीत झाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बँड पेजने उभारला, अल्बमची निर्मिती त्याने केली, ध्वनीचा आराखडा त्याच्या डोक्यात होता. त्यामुळे बँड परत जमत नाही याचे सर्वात जास्त दुःख त्याला असणे स्वाभाविक आहे. पेजच्या बाजूने बोलणाऱ्या चाहत्यांना हिणवण्याचे कारण नाही. ज्याने घर बांधले त्यालाच दाराबाहेर उभे राहावे लागले, असे त्यांना वाटते.

दुसरी गोष्ट उधारीची. या बँडने काळ्या ब्लूज गायकांची गाणी घेतली आणि अनेकदा त्यांची नावे लिहिलीच नाहीत. ‘होल लोटा लव्ह’ या गाण्यावरून विली डिक्सन या शिकागोच्या गीतकाराने १९८५मध्ये दावा लावला. १९८७मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे श्रेयात त्याचे नाव आले. हाउलिंग वुल्फच्या बाबतीतही असेच घडले. म्हणजे ज्या बँडला चाहते ‘मूळ’ म्हणतात, तो स्वतःच दुसऱ्याच्या मुळावर उभा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबई आणि मोरोक्को

या गोष्टीत आपली मुंबईही आहे. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, इथल्या स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केली. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये दोघांनी वाजवल्याच्या आठवणी जुने मुंबईकर अजून सांगतात. हे मुद्रण त्या वेळी बाहेर आले नाही. ४० वर्षांहून जास्त काळ ते पेटीबंद राहिले आणि २०१५मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. ऐकल्यावर लक्षात येते की, आपल्या वादकांना त्या गाण्याचा विषम ठेका नवखा होता आणि त्या दोघांना आपले वाद्यमेळ नवखे होते. सूर पूर्ण जुळलेले नाहीत. तरी दार उघडण्याचा प्रयत्न त्यात ऐकू येतो.

ते दार प्लांटसाठी खऱ्या अर्थाने उघडले मोरोक्कोत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथे गेला. मराकेशच्या गल्ल्यांत त्याने उम्म कुलसूम यांचा आवाज ऐकला. त्या आवाजाचा आपल्यावर झालेला परिणाम त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितला आहे.

उम्म कुलसूम कोण, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. इजिप्तच्या नाईल खोऱ्यातल्या एका गरीब इमामाची ही मुलगी. वडिलांबरोबर गावोगावी लग्नात आणि मिलादच्या मजलिशीत धार्मिक कलाम गायची. मुलीने गाणे लोकांना रुचणार नाही म्हणून वडील तिला मुलाचे कपडे घालत. लहानपणी कुराण पठणाचे शिक्षण झाल्यामुळे तिचे उच्चार काटेकोर आणि दम विलक्षण होता. पुढे हीच मुलगी संपूर्ण अरब जगाचा आवाज झाली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री रेडिओवर त्यांची मैफल असे आणि कैरोपासून कासाब्लांकापर्यंत रस्ते ओस पडत. एक गाणे तासभर चाले. श्रोत्यांनी दाद दिली की त्या तीच ओळ पुन्हा घेत, पण प्रत्येक वेळी वेगळ्या वळणाने. आपल्या ख्यालात किंवा कव्वालीत जे होते तेच. गझल-कव्वाली ऐकत वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बर्मिंगहॅमजवळच्या तरुणाला मात्र हे नवे होते. ओळ पुन्हा म्हणायची, पण तशीच म्हणायची नाही, ही गोष्ट त्याच्या मनात रुजली असावी असे मला वाटते.

१९७३मध्ये दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटी रस्त्यावरून गाडीने जाताना त्याला एका गाण्याचे शब्द सुचले. त्या गाण्याचे नाव पुढे ‘काश्मीर’ झाले. आपल्याकडे नाव ऐकून अनेकांना वाटते की ते झेलमच्या खोऱ्यावर असेल. प्लांट तोवर काश्मीरला गेलेलाही नव्हता. गाणे आहे ते सहारा वाळवंटाच्या सरळ, न संपणाऱ्या रस्त्याचे. हे गाणे ‘फिजिकल ग्राफिटी’ या अल्बममध्ये फेब्रुवारी १९७५मध्ये आले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला कैरोत उम्म कुलसूम यांचे निधन झाले आणि त्यांच्या जनाजाला लाखोंचा समुदाय रस्त्यावर उतरला. हा निव्वळ योगायोग आहे. पण मला तो विसरता येत नाही.

तीन घाव

चाहते बँडच्या सुवर्णकाळाबद्दल बोलतात तेव्हा पहिली सहा-सात वर्षे डोळ्यांसमोर असतात. प्लांटच्या आठवणीत उरलेली वर्षेही असणार. ऑगस्ट १९७५मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर त्याच्या कुटुंबाच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो आणि त्याची पत्नी दोघे गंभीर जखमी झाले. जुलै १९७७मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना घरी त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक आजाराने दगावला. दौरा तिथेच थांबला. २५ सप्टेंबर १९८०ला जॉन बोनहॅम अतिमद्यपानामुळे झोपेतच गेला. वय ३२.

४ डिसेंबर १९८०ला उरलेल्या तिघांनी निवेदन काढून बँड आहे तसा पुढे चालवता येणार नाही, असे जाहीर केले. हा निर्णय एकट्या प्लांटचा नव्हता, तिघांचा होता. आज त्याला दोष देणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

आपल्याकडच्या संगीत परंपरेच्या तुलनेत हा निर्णय चमत्कारिक वाटू शकतो. अब्दुल करीम खाँ साहेब १९३७मध्ये गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. पण किराणा घराणे त्यांच्याबरोबर दफन झाले नाही. सवाई गंधर्वांनी ते पुढे नेले, त्यांच्याकडून भीमसेन जोशींकडे गेले. कव्वालीच्या पार्टीतही बाप गेला की मुलगा किंवा पुतण्या जागा घेतो. तमाशाचा फडही असाच पिढी बदलून चालतो. कारण आपल्याकडे गायकी घराण्याची असते, ती शिकवता येते आणि वारशाने देता येते.

रॉक बँडची गोष्ट निराळी. तिथे गुरू नसतो, बंदिश नसते. चार मुले एका खोलीत बसून आवाज करतात आणि त्या आवाजातून गाणे घडते. बोनहॅमचा हात जरासा मागे राहून पडायचा, त्यामुळे पेजची गिटार तशी वाजायची, त्यामुळे प्लांट तसा गायचा. एक हात गेला की उरलेले तिघेही बदलतात. दुसऱ्या तटाच्या म्हणण्यातले हे तथ्य मला मान्य आहे.

नकाराचा इतिहास

१९८२मध्ये प्लांटचा पहिला एकट्याचा अल्बम ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ आला, पुढच्या वर्षी दुसरा. दोन्हींवर बहुतेक ड्रम फिल कॉलिन्सने वाजवले. या काळातल्या दौऱ्यांत प्लांट झेपेलिनची गाणी गातच नसे. लोक ओरडून मागत, तो गात नसे. नव्या गाण्यांना त्यांच्या पायावर उभे राहू द्यायचे तर जुन्या गाण्यांची कुबडी काढून घ्यावी लागते, हे त्याला कळले होते.

एकत्र यायचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १३ जुलै १९८५ला फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’च्या मंचावर तिघे आले. सराव पुरेसा नव्हता, प्रयोग फसला. नंतर त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात येऊ दिला नाही. १९८८मध्ये ॲटलांटिक रेकॉर्ड्सच्या ४०व्या वर्धापनदिनी ते पुन्हा आले. ‘स्टेअरवे’ गायचे की नाही यावरून कार्यक्रमापूर्वी वाद झाला. प्लांट नाइलाजाने गायला.

मग आले १९९४. हा टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एमटीव्हीच्या निमित्ताने पेज आणि प्लांट एकत्र आले, पण बँडचे नाव त्यांनी वापरले नाही. ‘नो क्वार्टर’ या अल्बममध्ये मराकेशच्या ग्नावा वादकांबरोबर केलेले मुद्रण आहे. ग्नावा म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज; त्यांचे रात्रभर चालणारे सूफी वळणाचे संगीत मोरोक्कोची ओळख आहे. ‘काश्मीर’ या गाण्यासाठी हुसाम रम्झी या इजिप्शियन तालवादकाच्या नेतृत्वाखाली अरबी वादकवृंद बसवला. २० वर्षांपूर्वी ज्या भूमीवर गाणे सुचले, त्या भूमीच्या वाद्यांकडे ते परत आले. ऐकताना वाटते की, हे गाणे आत्ता पूर्ण झाले.

पण याच वेळी जॉन पॉल जोन्सला बोलावले गेले नाही. त्याला साधी खबरही दिली नव्हती. जानेवारी १९९५मध्ये बँडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले, तेव्हा मंचावरून जोन्सने मित्रांना अखेर माझा फोन नंबर आठवला याबद्दल आभार मानले. सभागृह हसले. तो विनोद नव्हता. प्लांटची बाजू घेताना हे झाकून ठेवणे योग्य नाही. स्वतःच्या वाटेने जाण्याचा हक्क वेगळा आणि जुन्या साथीदाराला न सांगता मागे ठेवणे वेगळे.

टिंबक्टूच्या वाळूत

जानेवारी २००३मध्ये प्लांट मालीत गेला. टिंबक्टूच्या पुढे वाळवंटात एस्साकाने इथे तुआरेग लोकांचा संगीत महोत्सव भरला होता. तिथे जाणारा रस्ता म्हणजे वाळूतली चाकोरी. अली फारका तुरे आणि तिनारिवेन यांच्यासारखे फनकार तिथे होते. तिनारिवेन हा अल्जीरिया-लिबियात निर्वासित म्हणून वाढलेल्या तुआरेग तरुणांचा बँड. प्लांटचा गिटारवादक जस्टिन ॲडम्स यानेच त्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अल्बमच्या निर्मितीत काम केले होते. जगातल्या मोठमोठ्या मैदानांत गायलेला हा माणूस तिथे शेकोट्यांच्या उजेडात, उंटावरून आलेल्या श्रोत्यांसमोर गायला.

तिथे त्याला काय मिळाले? त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल. अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांमध्ये पश्चिम आफ्रिकेतले मुसलमानही होते. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक ठिकाणी गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. आवाज आणि तारवाद्ये मात्र टिकली. ऑस्ट्रियन अभ्यासक गेरहार्ड क्युबिक आणि इतिहासकार सिल्व्हियान दियूफ यांनी असे मांडले आहे की, ब्लूजमधला लांबवलेला, लहरत उतरणारा सूर साहेल पट्ट्यातल्या इस्लामी संस्कृतीच्या गायन-पठणाशी नाते सांगतो. दियूफ आपल्या व्याख्यानांत शेतमजुराची एक जुनी हाक आणि अजान पाठोपाठ ऐकवून हे साम्य दाखवतात. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही, पण मांडणी गंभीर आहे. अली फारका तुरे तर म्हणतच असत की, तुम्ही ज्याला ब्लूज म्हणता ते आमच्या गावचे गाणे आहे.

आता चाहत्यांच्या वादाकडे परत या. पहिला तट प्लांटला सांगतो, ‘मुळाकडे परत ये.’ त्यांच्या हिशेबी मूळ म्हणजे १९६८. पण बँडचे मूळ मिसिसिपीच्या ब्लूजमध्ये होते, आणि ब्लूजच्या मुळाच्या काही शाखा नायजर नदीच्या काठी जातात. प्लांट मिसिसिपीचा माग काढत मालीपर्यंत गेला. पुढे त्याने गांबियाच्या जुल्देह कमारा या रित्तीवादकाला आपल्या बँडमध्ये घेतले. रित्ती हे एका तारेचे, आपल्या रावणहत्थ्याच्या कुळातले वाद्य. ज्याच्यावर मूळ सोडल्याचा आरोप आहे, तोच मुळाच्या दिशेने सर्वात लांब चालत गेला. आणि या वेळी शेजारी बसलेल्या माणसाचे नाव घेऊन गेला. १९६९च्या बँडने जे केले नव्हते, ते.

त्या महोत्सवाची पुढची कहाणी दुःखद आहे. २०१२मध्ये उत्तर माली सशस्त्र अतिरेकी गटांच्या ताब्यात गेला. त्यांनी टिंबक्टूतल्या सूफी संतांच्या मजारी फोडल्या, संगीतावर बंदी घातली. फनकार परागंदा झाले आणि महोत्सव बंद पडला. धर्माचे नाव घेऊन त्यांनी त्याच मातीतल्या मुसलमानांची शेकडो वर्षांची तहजीब उखडली. तेही ‘मुळाकडे परत चला’ असेच म्हणत होते. मूळ एकच आणि ते आम्हीच सांगू, असा हट्ट कोणत्या टोकाला जातो याचा हा धडा आहे.

एक रात्र लंडनमध्ये

१० डिसेंबर २००७. लंडनच्या ओ-टू सभागृहात लेड झेपेलिन एका रात्रीपुरता परत आला. ड्रमवर बोनहॅमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी दोन कोटी लोकांनी नोंदणी केल्याचे सांगितले गेले. आत जागा सुमारे १८ हजार जणांना.

निमित्त होते अहमद एर्तेगुन यांच्या स्मृतीचे. आपल्या वाचकांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. इस्तंबूलमध्ये जन्मलेला हा तुर्की राजदूताचा मुलगा. वडील वॉशिंग्टनला राजदूत असताना, काळ्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसू न देणाऱ्या त्या शहरात, अहमद आणि त्यांचा भाऊ नसूही काळ्या-गोऱ्या संगीतकारांना एकत्र तुर्की दूतावासात बोलावत आणि तिथे मैफली रंगत. १९४७मध्ये अहमद यांनी ॲटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी भागीदारीत काढली. रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन आणि पुढे लेड झेपेलिन याच कंपनीने जगापुढे आणले. डिसेंबर २००६मध्ये ते वारले. इस्तंबूलच्या उस्कुदार भागात, उझबेक सूफींच्या तकियाच्या आवारात, वडील आणि भावाशेजारी त्यांना दफन केले. रॉकच्या इतिहासातली सर्वात गाजलेली पुनर्भेट एका तुर्क मुसलमानाच्या आठवणीत झाली.

प्रयोग उत्तम झाला. चाहत्यांना वाटले, आता दौरा निघणार. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लांटचा ॲलिसन क्राउस या अमेरिकन लोकसंगीत गायिकेबरोबरचा ‘रेझिंग सँड’ आला होता. तो त्या दौऱ्यावर गेला. २००८च्या सप्टेंबरमध्ये त्याने झेपेलिनबरोबर दौरा करणार नसल्याचे निवेदन काढले. उरलेल्या तिघांनी दुसरे गायक अजमावून पाहिले. जानेवारी २००९मध्ये तोही विचार सोडल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात ‘रेझिंग सँड’ला ग्रॅमीचे पाच पुरस्कार मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्कारासह. त्यातल्या पुरस्कारप्राप्त ‘प्लीज रीड द लेटर’ या गाण्याची गंमत अशी की, ते आधी १९९८मध्ये पेज आणि प्लांट यांच्या अल्बममध्ये येऊन गेले होते. तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. तेच गाणे दुसऱ्या साथीदाराबरोबर, संथ लयीत गायले आणि नवे झाले.

देणे कोणाचे?

पहिल्या तटाचा सर्वांत मोठा मुद्दा असा की, चाहत्यांमुळे कलाकार मोठा होतो, म्हणून तो चाहत्यांचे देणे लागतो. मला हे अर्धेच पटते. कलाकार श्रोत्याला प्रामाणिक गाणे देणे लागतो. श्रोत्याची तरुणाई परत आणून देणे त्याच्या हातात नाही. विशीतल्या प्लांटच्या वरच्या पट्टीतल्या किंकाळ्या साठीत निघत नाहीत. ज्याला ऐकायच्या आहेत त्याच्यासाठी ध्वनिमुद्रणे आहेत.

शिवाय त्याने जुनी गाणी कायमची टाकलेली नाहीत. नव्या साथीदारांबरोबर, वेगळ्या लयीत, कधी रित्तीच्या तारेवर तो ती गात आला आहे. ‘स्टेअरवे’शी मात्र त्याचे जमत नसे. अमेरिकेतल्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राने ते गाणे पुन्हा वाजवणार नाही असे सांगून वर्गणी मागितली, तेव्हा त्याने १० हजार डॉलर दिल्याचा किस्सा त्याने स्वतः सांगितला आहे. पण ऑक्टोबर २०२३मध्ये कर्करुग्णांच्या मदतीसाठी झालेल्या एका छोट्या कार्यक्रमात, २००७नंतर प्रथमच, तो हे गाणे गायला. मागणीच्या रेट्याने जे निघाले नाही, ते एका आजारी मित्राच्या निमित्ताने निघाले.

याच्या उलट उदाहरणही त्याच मातीतले आहे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला ऑझी ऑस्बर्न. १९७९मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ने त्याला काढले, त्याने एकट्याने प्रचंड नाव कमावले, आणि ५ जुलै २०२५ला आपल्या जुन्या मोहल्ल्यातल्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघांसह शेवटचे गाऊन घेतले. १७ दिवसांनी तो गेला. ते परतणे खरे होते, डोळे ओले करणारे होते. पण त्या बँडचे चौघेही हयात होते. ऑझीचे परतणे आणि प्लांटचे न परतणे, दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये.

म्हणून मी तिसऱ्या तटाच्या जवळ उभा आहे, थोडे अंतर राखून. एकट्याचे काम बँडहून ‘सरस’ म्हणायची मला गरज वाटत नाही. झेपेलिन नसता तर प्लांटला मराकेशला जायला ना पैसा मिळाला असता ना निमित्त. आणि मराकेश नसते तर ‘काश्मीर’ नसते. एकातून दुसरे निघाले आहे.

‘मूळचे कुठले?’ असे कोणी विचारले की, त्याला गावाचे एकच नाव हवे असते. माझ्यासारख्याकडे उत्तर म्हणून एक लांब रस्ता असतो. घरातली दखनी, शाळेतली मराठी, दर्ग्यातली कव्वाली, जत्रेतला तमाशा. त्यातले कोणते टाकू? सप्टेंबर २०२५मध्ये प्लांटचा ‘सेव्हिंग ग्रेस’ हा अल्बम आला. सोबतीला इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या आपल्या शेजारपाजारचे, जगाला अनोळखी असे वादक आणि सुझी डायन ही गायिका. या वयातही तो कोणाला तरी नव्याने ऐकतो आहे. जुन्या चाहत्यांचा प्रश्न तोच आहे. ज्याला तो सोडवायचा आहे त्याने आधी १९९४चे ‘काश्मीर’ ऐकावे आणि लगेच उम्म कुलसूम यांची एखादी मैफल लावावी. मुळाबद्दल मग निवांत बोलू.